इतवारा, सुजाता आणि मधला ‘उर्फ’

श्रावण मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, २०२३ च्या पावसाळ्यात गेले. नागपूरच्या एका कापड गिरणीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. २००० साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून ‘कर्मचारी पेन्शन योजना १९९५’ची तुटपुंजी पेन्शन घेत होते. त्यांच्यामागे ती आत्याला लागू व्हायची होती. रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा खटाटोप कशासाठी होता ते कळेल. या योजनेत किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच. त्या हजार रुपयांसाठी केलेला अर्ज आठवडाभरात परत आला. शेरा एका ओळीचा होता: ‘अर्जदार व नोंदीतील पत्नी यांच्या नावात तफावत.’

गिरणीच्या कागदांत पत्नीचं नाव होतं इतवाराबाई. आधार कार्डावर सुजाता. या दोघी एकच, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं, पण फाइलीला ठाऊक नव्हतं.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. नावांचा अभ्यास हा माझ्या आवडीचा भाग, आणि वर्गात मी त्यावर बरंच ठासून बोलत आलोय. घरचीच फाइल हातात आल्यावर त्यातलं निम्मं बोलणं मागे घ्यावं लागलं, म्हणून हे प्रकरण लिहून काढतोय. आडनावं दिलेली नाहीत. आधी वाटलं होतं, खोटी घालू. पण नागपुरात खोटं आडनाव घालायला गेलं की त्या खोट्यालाही जात असते, गाव असतं आणि कुठल्यातरी वस्तीत त्याचे शंभर घरमालक असतात. पहिली नावं मात्र आत्याला विचारून खरीच ठेवली आहेत. “नाव बदललं तर लिहिशील काय मंग?” असं तिनंच विचारलं.

कागद

आत्याच्या लोखंडी पेटीतून आणि मामाजींच्या फाइलीतून जे निघालं ते काळाच्या ओळीने असं.

शाळेची टी.सी.: नाव सुजाता, जन्मतारीख १ जुलै १९४९, शाळेत दाखल २ जुलै १९५६. (जन्मतारीख गुरुजींची. त्या काळातल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस शाळा उघडण्याच्या दिवसांत येतो.) लग्नपत्रिका, १९६७: चि. सौ. कां. इतवारा. गिरणीतला नॉमिनेशनचा फॉर्म: इतवाराबाई. रेशन कार्ड: सुजाबाई श्रावणजी. मतदार यादी: सुजाता श्रावण. आधार: तेच. बँकेचं पासबुक इंग्रजीत, आणि त्यात सुजाताच्या शेवटच्या ‘टी’नंतर एक ‘एच’ जास्तीचा.

म्हणजे एका बाईची चार नावं, आणि नवऱ्याची दोन, कारण श्रावण आणि श्रावणजी यांनाही संगणक दोन माणसं समजतो. हा ‘जी’ आपल्याकडचा. पुण्याच्या कागदावर ‘महादेव’ असतो तिथं नागपूरच्या कागदावर ‘महादेवजी’ असतो, आणि तो मान बापाच्या नावाला चिकटून मुलाच्या पदवी प्रमाणपत्रापर्यंत जातो. ‘बाई’चंही तसंच. कोणी मुलीचं नाव इतवाराबाई ठेवत नाही. ते ‘बाई’ गिरणीतल्या कारकुनाने लग्न झालेल्या बाईला दिलं. मान द्यायला म्हणून लावलेली दोन अक्षरं पन्नास वर्षांनी तफावत म्हणून अंगावर येतात, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नसेल.

इतवारा

आत्या रविवारी जन्मली. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, नाव ठेवलं इतवारा. सोमा, मंगरू, बुधराम, सुकराम, शनिचर ही सगळी त्याच घराण्यातली नावं. पूर्व विदर्भात, गोंड वस्त्यांत आणि शेजारच्या छत्तीसगडात ती सर्रास सापडतात. पंचांग उघडायला ब्राह्मण घरी येत नाही, बारशाला खर्च नाही, अशा घरात वार हे एकच पंचांग सर्वांना पाठ असतं.

खुद्द नागपूर शहराचं नावही नदीवरून, नाग नदीवरून, आणि त्यातल्या वस्त्या वारांवरून. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी: ज्या दिवशी जिथं बाजार भरे त्या दिवसाचं नाव त्या जागेला. बाजार रोजचा झाला, वार तसाच राहिला. इतवार म्हणजे मूळचा आदित्यवार. जुन्या मराठीत आदितवार, खेड्यात अजूनही आयतवार, आणि हिंदीच्या सहवासात इतवार. शुक्रवारी तलावाला जुम्मा तलाव असंही म्हणत, कारण वार तोच, भाषा दुसरी. आता पाटीवर गांधीसागर आहे. त्याच तलावाजवळच्या एम्प्रेस मिलचं नाव १ जानेवारी १८७७ चं. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि जमशेटजी टाटांनी त्याच दिवशी गिरणी सुरू केली. (मामाजी दुसऱ्या गिरणीतले.) राणी गेली, राज्य गेलं, गिरणी बंद पडली, आणि त्या जागेवरच्या मॉललाही एम्प्रेसच म्हणतात. जागेची अशी तीन-तीन नावं कोणाला खटकत नाहीत. कोणी जुम्मा तलावाकडे प्रतिज्ञापत्र मागत नाही.

“माह्या नावाचा बाजार हाय नागपुरात,” असं आत्या आम्हा पोरांना सांगायची. लहानपणी आम्हाला ते खरंच वाटे, की इतवारी तिच्यावरून पडली.

माझ्या बाबांचं नाव याहून अवघड होतं. त्यांच्याआधीची दोन मुलं दगावली, म्हणून हे उकंडा. उकिरड्यावर क्षणभर ठेवून परत उचललेलं मूल. नाव इतकं टाकाऊ ठेवायचं की मरणानं बघून पुढे जावं. दगडू, धोंडू, कचरू, केरू, सगळी याच भीतीतून आलेली. गंमत अशी की पुढे कचरू आणि नकुशी यांना एकाच रांगेत बसवायची सवय लागली. ते बरोबर नाही. कचरू हवा असतो म्हणून त्याला कचरू म्हणतात. नकुशी नकोच असते. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त नकुशींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली. शब्दार्थ सारखाच टाकाऊ, पण एकामागे माया आणि दुसऱ्यामागे नाराजी. कोशात बघून हा फरक कळत नाही, घरात विचारावं लागतं.

बाबांनी नोकरी लागल्याबरोबर राजपत्रात नाव छापून आणलं: जुने नाव उकंडा, नवे नाव आनंद. आम्हा भावंडांना ‘उकंडा’ हे त्यांच्या मृत्यूनंतर कळलं, आत्याकडून. पुरुषाला एक सोय होती. त्याचं नाव बदललं तरी मागचं आणि पुढचं जागेवर राहतं. आत्याचं पहिलं नाव सरकलं, मधलं सरकलं, आडनाव सरकलं. सासरी तर पहिली काही वर्षं तिला कुठलंच नाव नव्हतं. सासू ‘उमरेडवाली’ म्हणे. मुलगा झाल्यावर ती ‘अशोकची माय’ झाली. मामाजी तिला ‘अवं’ म्हणत आणि ती त्यांचं नाव फक्त उखाण्यात घेई.

सुजाता, आणि माझी चूक

वर्गात हे प्रकरण मी दोन वर्षं असं शिकवलं: जन्म १९४९, नाव इतवारा. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी, नागपूर; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली. आजोबा त्या मैदानावर होते. परतल्यावर मुलीचं नाव सुजाता झालं: सिद्धार्थ गौतमाला खीर देणारी सुजाता. जुना समाज संपला, नवा सुरू झाला, आणि नावानं त्याची नोंद केली. मुलं लिहून घेत. मलाही आवडे.

मग टी.सी. हातात आली. दाखल २ जुलै १९५६. दीक्षेच्या साडेतीन महिने आधी.

पहिला विचार आला, नोंद नंतर बदलली असेल. शाळेत जाऊन मूळ दाखल रजिस्टर पाहिलं. शाई तीच, हात तोच, खाडाखोड नाही. आत्याला विचारलं तर ती सहज म्हणाली, “गुरुजीच्या पोरीचं नाव होतं ते. आबाजीले म्हणे, हिचं पण तेच टाकतो. आबाजी म्हणे, टाका.”

म्हणजे माझा सगळा धडा एका तारखेनं आडवा. पण पुरता आडवा झाला का? बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला सांगितलं होतं. मुंबईत त्यांनी काढलेल्या कॉलेजचं नाव सिद्धार्थ, साल १९४६. बुद्धाच्या गोष्टीतली नावं दीक्षेच्या दहा वर्षं आधीपासून आमच्या वस्त्यांत कानावर पडत होती. आजोबा ‘टाका’ म्हणाले ते गुरुजींच्या भिडेनं की ते नाव आधीच ऐकून होते म्हणून, हे आता सांगायला कोणी उरलेलं नाही. शिवाय सुजाता हे नाव त्या काळात ब्राह्मण-मराठा घरांतही ठेवलं जात होतं. संघमित्रा किंवा प्रज्ञाशील म्हटलं की ऐकणारा ओळखतो. सुजाता ऐकून ओळखता येत नाही. एखाद्या बापाला नेमकं तेच हवं असू शकतं.

आणखी एक लक्षात आलं. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये मुलांची नावं बदला, असं कुठेही नाही. देवांना मानणार नाही हे आहे, श्राद्ध करणार नाही हे आहे, नावाबद्दल अक्षर नाही. तरी पुढच्या वीस वर्षांत नागपूरच्या वस्त्यांमधून गौतम, राहुल, मिलिंद, अशोक, विशाखा, यशोधरा यांची रांग लागली. कोणी सांगितलं नाही, लोकांनी केलं. आत्याच्या मुलाचं नाव अशोक आहे ते यातूनच, आणि ते बिनतारखेचंही ओळखता येतं. फक्त आत्याचं स्वतःचं नाव या रांगेत दिसतं आणि रांगेतलं नाही.

सु-जाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. ‘जात’ हा शब्दही त्याच धातूतला. गुरुजींनी नावाच्या रकान्यात सुजाता लिहिलं आणि त्याच ओळीत पुढच्या रकान्यात जात लिहिली. ती ओळ मी रजिस्टरवर बोट ठेवून दोनदा वाचली.

शाळा ही आपल्याकडे दुसरी बारशाची जागा आहे, हे मात्र यातून पक्कं होतं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं लिहिलं गेलं. घराण्याचं आडनाव सकपाळ होतं. पुढे आयुष्यभर चाललं ते रजिस्टरातलं आडनाव.

खिडकी

अर्ज दुसऱ्यांदा द्यायला मी आत्याला घेऊन गेलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण खिडकीवरचे साहेब वाईट नव्हते. आडनाव ‘वार’वालं होतं, म्हणून विचारलं, तर मूळचे चंद्रपूरकडचे निघाले. वडेट्टीवार, मुनगंटीवार यांच्यातला हा ‘वार’ तेलुगूतून आलेला. नागपुरात तो आपल्या रविवार-सोमवारच्या वाराशी नुसता आवाजानं भेटतो. ‘रामटेके’, ‘नागपुरे’ यांचा शेवटचा ‘ए’ गाव सांगतो, ‘कर’ही गावच सांगतो, पण ‘ए’ आणि ‘कर’ यांच्यात लोक जातीचं काय काय ऐकतात हे नागपूरकराला सांगायला नको. आमच्याकडच्या दोन घरांनी ‘ए’ काढून ‘कर’ केलं. गाव तेच ठेवलं.

साहेबांनी विचारलं, “आजी, तुमचं नाव?”

आत्या म्हणाली, “कोणतं?”

खिडकीवर असं उत्तर द्यायचं नसतं. मी मधे पडणार तेवढ्यात तिनं डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात खिडकीच्या फटीतून आत घातला.

गोंदण मी लहानपणापासून पाहिलेलं होतं, वाचलं मात्र त्या दिवशी. मनगटापासून चार बोटं वर, तुळशीवृंदावन, त्याखाली पाच ठिपके, त्याखाली अक्षरं. काळं गोंदलं होतं ते आता शेवाळी हिरवं झालंय, रेषा फुटून जाड झाल्यात. ‘ईतवारा’. पहिली ई दीर्घ. ‘र’ची शेपटी सुरकुतीत शिरून नाहीशी झाली आहे. रामटेकला कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेत, शाळेत जायच्या आदल्या साली, आजीनं गोंदवून घेतलं होतं. पोरगी जत्रेत हरवली तर नाव सांगता यावं म्हणून. आजीला वाचता येत नव्हतं. गोंदणारीला काय येत होतं कोण जाणे. अक्षरं कुणीतरी कागदावर काढून दिली असतील.

साहेबांनी मामाजींचा २००० सालचा पेन्शनचा अर्ज पुढे ओढला. त्यावर नवरा-बायकोचा एकत्र फोटो होता, आणि खाली ओळखखूण या रकान्यात मामाजींच्या बाकदार अक्षरात: ‘डाव्या हातावर गोंदण’. साहेबांनी फोटो बघितला, हात बघितला, परत फोटो.

“आजी, मला पटलं,” ते म्हणाले. “पण हात झेरॉक्स करून लावता येत नाही ना. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, नाहीतर राजपत्र.”

राजपत्र की प्रतिज्ञापत्र

इथून पुढचे तीन महिने सरकारी दिरंगाईत गेले नाहीत, घरातल्या वादात गेले.

अशोकदादाला राजपत्र हवं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: एकदा छापून आलं की बँक, पेन्शन, उद्या घराचं फेरफार, सगळीकडे चालतं. जुने नाव इतवारा, नवे नाव सुजाता, विषय संपला. त्यात एक न बोललेला भागही होता. त्याला ‘इतवारा’ नको होतं. ते खेड्याचं, भुकेचं, सोडून आलेल्या दिवसांचं नाव. माझ्या बाबांनी जे केलं ते आपल्या आईनंही करावं, इतकंच. मला तो चूक वाटत नाही. ज्या नावानं हाका मारून कोणी आपल्या बापाला अंगणाबाहेर उभं केलं, ते नाव टाकून द्यायचा हक्क त्या घराला आहे. बाहेरून येऊन ‘लोकसंस्कृती जपा’ म्हणणाऱ्यांना तो कळत नाही.

पण मला प्रतिज्ञापत्र हवं होतं, दोन्ही नावं मधे ‘उर्फ’ घालून ठेवणारं. आत्यानं नाव बदललेलंच नव्हतं. राजपत्रात एक नाव जुनं लिहावं लागतं आणि एक नवं. तिच्याकडे दोन्ही वयाच्या सात वर्षांच्या आतली. कोणतं जुनं?

ती वाद ऐकत राहायची, मधे काही बोलायची नाही. मग ऑगस्ट २०२४ मध्ये अशोकदादाच्या मुलाला मुलगी झाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम बदललाय: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पणतीच्या जन्मदाखल्यावर नातसुनेचं नाव छापून आलं ते दादानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्यानं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, “माह्या नावात मायचं काय हाय रे, बाबू?”

मी म्हटलं, काहीच नाही. आधी आबाजींचं, मग मामाजींचं.

“मंग इतवारा ऱ्हाऊ दे. थे तिनंच ठेवलं. तिचं दुसरं काही नाही माह्यापाशी, ना लुगडं ना फोटो.”

दादा उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं आला आणि मला म्हणाला, “कर मग तुझं ते उर्फ.”

उर्फ हा मूळ अरबी शब्द, फारसीतून मराठी दप्तरात आला. मूळ अर्थ रीत, लोकांमध्ये माहीत असलेलं. पेशव्यांच्या कागदांत, पोलिसांच्या डायरीत आणि लग्नपत्रिकेत तो सारख्याच इमानानं काम करतो. दोन नावांत जुनं-नवं, खरं-खोटं करत नाही, शेजारी बसवतो. प्रतिज्ञापत्रात लिहिलं: ‘मी, सुजाता उर्फ इतवारा उर्फ इतवाराबाई, श्रावण उर्फ श्रावणजी यांची पत्नी…’ वकिलांनी विचारलं, सुजाबाईही घालू का? रेशन कार्डातली. घातली.

साक्षीदार दोन लागले. एक मी. दुसरी आत्याची माहेरची मैत्रीण, तिला लहानपणापासून ओळखणारी एकटी उरलेली बाई. गावात तिला शुक्री म्हणतात. तिनं आधार कार्ड काढलं तर त्यावर शकुंतला. वकिलांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साहेब, तिचं वेगळं प्रकरण आहे, आज नको. साक्ष शकुंतलेची झाली. ‘हिचं नाव इतवाराच होतं, आम्ही एकाच जत्रेत गोंदलं,’ हे सांगितलं शुक्रीनं.

पेन्शन नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली, मागची थकबाकीही आली. पेन्शनच्या आदेशावर ‘सुजाता उर्फ इतवाराबाई’ असं आहे. नोंदीत होतं तसं, ‘बाई’सकट.

राहिला पासबुकातला ‘एच’. बँकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, आधारमध्ये ‘एच’ नाही, आमच्याकडे आहे. पेन्शन जमा होतेय ना, मग राहू द्या. विचारलं की हा आला कुठून. खातं उघडलं तेव्हाच्या कोणीतरी टाइप केला असेल, म्हणाल्या. दक्षिणेकडे असं स्पेलिंग करतात. पुढच्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला जाऊ तेव्हा तो काढून घेऊ, असं दादानं ठरवलंय. प्रतिज्ञापत्राच्या दोन जास्तीच्या प्रती त्यानं लॅमिनेट करून ठेवल्यात.